थायरॉईडचा रिपोर्ट हाती आल्यावर: स्वयंप्रतिकार आजार कसा ओळखला जातो

आरोग्य तपासणीची पॅकेजेस घरबसल्या मिळू लागल्यापासून थायरॉईडचे रिपोर्ट हाती पडणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्याबरोबर गोंधळही वाढला आहे. समजा, पस्तिशीतील एका स्त्रीच्या रिपोर्टमध्ये टीएसएच ६.८ आहे, टी-४ मर्यादेत आहे आणि अँटी-टीपीओ या ओळीपुढे ठळक अक्षरांत चारशेच्या घरातील आकडा आहे. एक डॉक्टर गोळी सुरू करायला सांगतात, दुसरे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणतात, आणि नात्यातील कोणीतरी हा आकडा खाली आणणारा आहार सुचवते. यांतले कोणाचे ऐकावे हे समजण्यासाठी दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. ग्रंथी आज पुरेसे काम करते आहे का, हा पहिला प्रश्न. आणि करत नसेल तर कशामुळे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर टीएसएच आणि टी-४ देतात, दुसऱ्याचे उत्तर प्रामुख्याने अँटी-टीपीओसारख्या प्रतिपिंडांच्या तपासण्या देतात. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावले की निदानाची गाडी भलत्याच रुळावर जाते, आणि या आजारांबाबतचा बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो.

ग्रंथीचे काम आणि टीएसएचचा अर्थ

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून असलेली छोटी ग्रंथी आहे. आहारातील आयोडीन वापरून ती टी-४ आणि टी-३ ही दोन संप्रेरके, म्हणजे रक्तातून दूरच्या अवयवांपर्यंत संदेश नेणारी रसायने, तयार करते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, शरीराची ऊब, त्वचा, केस, मासिक पाळी आणि मनाची उभारी या सगळ्यांचा वेग त्यांवर अवलंबून असतो. ग्रंथीने किती काम करावे हे मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी ठरवते, आणि तिने पाठवलेला हुकूम म्हणजे टीएसएच.

हे नाते गृहनिर्माण सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून नीट समजते. गच्चीवरील टाकीतले पाणी म्हणजे रक्तातील टी-४, ते वर चढवणारा पंप म्हणजे थायरॉईड, आणि पातळी पाहून पंप चालू-बंद करणारा वॉचमन म्हणजे पियुषिका. पंप किती वेळ चालू ठेवावा लागतो, ते टीएसएच. पंप झिजू लागला तरी टाकी लगेच रिकामी होत नाही; वॉचमन तो अधिक वेळ चालवतो आणि टाकी भरलेलीच राहते. म्हणूनच आजाराच्या सुरुवातीला टी-४ मर्यादेत आणि टीएसएच मात्र वाढलेले असे चित्र दिसते. या अवस्थेला सौम्य किंवा सुप्त हायपोथायरॉईडिझम (ग्रंथीचे काम कमी पडणे) म्हणतात. पंप आणखी झिजला की कितीही वेळ चालवला तरी टाकी भरत नाही. टीएसएच खूप वाढते, टी-४ खाली येते आणि हायपोथायरॉईडिझम उघड होतो.

टीएसएच ही पहिली तपासणी का, याचे कारणही यातच आहे. पियुषिका अतिशय संवेदनशील असते. टी-४ निम्म्यावर आले तर टीएसएच शंभरपटीच्या आसपास वाढू शकते. त्यामुळे टी-४ मध्ये डोळ्यांत भरण्याजोगा फरक पडण्याच्या कितीतरी आधी टीएसएच हलते.

शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते तेव्हा

रोगप्रतिकारशक्तीचे काम परक्या जंतूंना ओळखून त्यांचा बंदोबस्त करण्याचे आहे. ती स्वतःच्याच पेशींना परके समजू लागली की होणाऱ्या आजारांना स्वयंप्रतिकार आजार म्हणतात, आणि जंतूंविरुद्ध किंवा चुकून स्वतःविरुद्ध तयार होणाऱ्या प्रथिनांना प्रतिपिंडे. थायरॉईड हे अशा हल्ल्याचे नेहमीचे लक्ष्य आहे. हल्ल्याचे मुख्य प्रकार दोन, आणि त्यांचे परिणाम एकमेकांच्या अगदी उलट.

जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या काढलेल्या थायरॉईड ग्रंथींचे वर्णन एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या ग्रंथी मोठ्या झालेल्या होत्या आणि त्यांत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली होती. ही गर्दी तिथे का होते हे पुढची चार दशके उलगडले नाही. १९५६ मध्ये लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्याच वर्षी अमेरिकेतील बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांमध्ये असाच आजार प्रयोगाने घडवून दाखवला. शरीर स्वतःविरुद्ध उलटू शकते ही कल्पना तोवर बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य नव्हती. ती मान्य होण्यात थायरॉईडचा वाटा मोठा आहे. हाशिमोतो आजारात ग्रंथी वर्षानुवर्षे हळूहळू झिजते. पुरेसे आयोडीन मिळणाऱ्या प्रदेशांत हायपोथायरॉईडिझमचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

दुसरा प्रकार ग्रेव्हज आजाराचा. आयर्लंडमधील डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले. यात तयार होणारी प्रतिपिंडे ग्रंथीवरील टीएसएचच्या जागेवरच जाऊन बसतात आणि तिला सतत चेतवतात. टाकीच्या भाषेत, कोणीतरी पंपाचे बटण दाबून तसेच अडकवून ठेवले आहे. टाकी भरून वाहते आहे आणि वॉचमनने बटणाला हात लावणे कधीच सोडले आहे. म्हणून ग्रेव्हजमध्ये टी-४ आणि टी-३ वाढलेले आणि टीएसएच जवळजवळ शून्य असते.

दोन्ही आजार स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळतात आणि ते घराण्यात चालत येतात. आई, मावशी किंवा बहिणीला थायरॉईडचा त्रास असणे ही डॉक्टरांना आवर्जून सांगायची गोष्ट आहे. कोड, टाइप-१ मधुमेह, गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा सीलिअ‍ॅक आजार आणि बी-१२ शोषले न जाण्याने होणारा पर्निशियस अ‍ॅनिमिया हे स्वयंप्रतिकार आजार थायरॉईडच्या आजाराबरोबर अनेकदा सापडतात.

लक्षणांवरून ओळखता येते का?

हायपोथायरॉईडिझमची लक्षणे म्हणजे थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणे, थोडे वजन वाढणे, पाळीत अंगावरून जास्त जाणे, विसरभोळेपणा आणि मन खचणे. ही यादी वाचून निम्म्या वाचकांना ती आपलीच वाटेल, आणि अडचण नेमकी तीच आहे. रक्तक्षय, अपुरी झोप, नैराश्य, रजोनिवृत्तीचा काळ, किंवा घर आणि नोकरी दोन्हीकडे राबणे यांतूनही हीच लक्षणे येतात. शिवाय ती इतक्या सावकाश येतात की बाईला स्वतःला फरक कळत नाही आणि घरातील माणसे तिला आळशी ठरवून मोकळी होतात. अशा स्त्रियांची तपासणी वर्षानुवर्षे लांबते, हे मला या विषयातील सर्वांत खेदाचे वाटते.

तरीही काही खुणा संशय पक्का करतात. आवाज घोगरा होणे, चेहरा आणि पापण्या सुजल्यासारख्या दिसणे, नाडी मंद होणे, गळ्यासमोर न दुखणारी, घट्ट लागणारी सूज येणे, आणि कारण नसताना कोलेस्टेरॉल वाढणे या त्या खुणा होत. मुलांमध्ये उंची वाढायची थांबणे हा पहिला इशारा असू शकतो. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्यापूर्वी टीएसएच पाहण्याची पद्धत याच अनुभवातून आली आहे.

ग्रेव्हजची लक्षणे अधिक ठसठशीत असतात: भूक चांगली असून वजन उतरणे, छातीत धडधड, हातांना कंप, उकाडा सहन न होणे, वारंवार शौचाला होणे, चिडचिड आणि झोप उडणे. साधारण एक चतुर्थांश रुग्णांमध्ये डोळ्यांवर परिणाम होतो. डोळे पुढे आल्यासारखे दिसतात, चुरचुरतात, कधी एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात. धूम्रपानाने हा डोळ्यांचा त्रास निश्चितपणे बळावतो. वयस्कर रुग्णांत मात्र यातले बरेच काही दिसत नाही. नुसती अनियमित धडधड किंवा वजन घटणे एवढेच हाती लागते.

एका रिपोर्टवर निदान करावे का?

बहुतेक प्रयोगशाळा प्रौढांसाठी टीएसएचची मर्यादा ०.४ ते ४ च्या आसपास देतात. हा आकडा दिवसभर स्थिर नसतो. रात्री तो वाढतो आणि दुपारी उतरतो. तापातून किंवा मोठ्या दुखण्यातून उठताना तो काही काळ चढलेला असू शकतो. टीएसएच थोडेच वाढलेले आणि टी-४ मर्यादेत असेल, तर काही आठवड्यांनी, साधारणतः दोन-तीन महिन्यांत, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि दिवसाच्या त्याच वेळी तपासणी पुन्हा करणे योग्य. अनेकांमध्ये ते आपोआप मर्यादेत येते.

टीएसएच १० च्या वर टिकून असेल तर सहसा उपचार सुरू केले जातात. मधल्या पट्ट्यात वय, लक्षणे, प्रतिपिंडे आणि गरोदरपणाचा विचार यांवर निर्णय ठरतो. वय वाढते तशी टीएसएचची नैसर्गिक पातळीही थोडी वाढते, त्यामुळे पंचाहत्तरीतील आजोबांच्या ५.५ ला पंचविशीतील मुलीच्या ५.५ इतका अर्थ नसतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत ६५ वर्षांवरील, सौम्य हायपोथायरॉईडिझम असलेल्या ७३७ जणांपैकी काहींना थायरॉक्सिन (गोळीच्या रूपातील टी-४) आणि काहींना निष्क्रिय गोळी दिली गेली. वर्षभरानंतर थकव्यात आणि इतर लक्षणांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

सुरुवातीच्या उदाहरणातील दुसरे डॉक्टर म्हणूनच टाळाटाळ करत नव्हते. टी-४ मर्यादेत असताना थोडे थांबून पुन्हा पाहणे हा निदानाचाच भाग आहे. ती स्त्री गरोदर असती तर मात्र असे थांबणे योग्य ठरले नसते.

अँटी-टीपीओ वाढले म्हणजे आजार झाला का?

टीपीओ हे थायरॉईडमध्ये संप्रेरक घडवणारे एक विकर आहे, आणि अँटी-टीपीओ ही त्याविरुद्धची प्रतिपिंडे. हाशिमोतोच्या दहापैकी नऊ रुग्णांत ती सापडतात. पण उलटे विधान खरे नाही: ती सापडलेल्या प्रत्येकाला हाशिमोतोचा त्रास होतोच असे नाही. भारतात मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतील पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ११ टक्के लोकांना हायपोथायरॉईडिझम आढळला, तर अँटी-टीपीओ सुमारे २२ टक्के लोकांत सापडली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लक्षात येते की प्रतिपिंडे असूनही ज्यांची ग्रंथी व्यवस्थित चालू आहे, अशी माणसे आपल्या आसपास भरपूर आहेत.

मग या तपासणीचा उपयोग काय? ती पुढची शक्यता सांगते. इंग्लंडमधील व्हिकम या गावातील रहिवाशांची तपासणी १९७० च्या दशकात झाली आणि वीस वर्षांनी ती पुन्हा करण्यात आली. ज्या स्त्रियांचे टीएसएच वाढलेले होते आणि प्रतिपिंडेही होती, त्यांच्यापैकी दर वर्षी सुमारे ४.३ टक्के स्त्रियांना उघड हायपोथायरॉईडिझम झाला. फक्त प्रतिपिंडे असलेल्यांत हे प्रमाण सुमारे २.१ टक्के होते. म्हणजे टीएसएच मर्यादेत असून अँटी-टीपीओ वाढलेले असेल, तर आज उपचारांची गरज नाही. वर्षातून एकदा टीएसएच पाहावे, एवढेच पुरे.

प्रतिपिंडांचा आकडा चारशे असो वा बाराशे, त्यावरून लक्षणांची तीव्रता किंवा गोळीची मात्रा ठरत नाही. एकदा ती आहेत हे कळले की तपासणी वारंवार करण्यातून काही निष्पन्न होत नाही, आणि हा आकडा खाली आणण्यासाठी घेतलेल्या महागड्या पूरकांनी ग्रंथी वाचते असा भक्कम पुरावा नाही. म्हणूनच टीएसएच न पाहता किंवा ते मर्यादेत असताना ही तपासणी पॅकेजमध्ये सरसकट घालणे मला अयोग्य वाटते. त्यातून निरोगी माणसांच्या पदरी फक्त भीती पडते.

आयोडीनविषयीही एक शंका नेहमी विचारली जाते. आयोडीन फार जास्त झाल्यास स्वयंप्रतिकार आजार बळावू शकतो हे खरे आहे, आणि समुद्री शेवाळाची पूरके या आजारात टाळावीत. पण त्या भीतीने घरातील आयोडीनयुक्त मीठ बंद करणे चूक आहे. त्या मिठातून मिळणारे प्रमाण मर्यादित असते, आणि घरातील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्याची खरी गरज असते.

टीएसएच कमी आले तर प्रत्येक वेळी ग्रेव्हजच असतो का?

इथे घाईने केलेले निदान सर्वांत महागात पडते. टीएसएच खाली आणि टी-४ वर असे चित्र दोन अगदी वेगळ्या कारणांनी दिसू शकते. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी खरोखरच जास्त संप्रेरक बनवत असते. थायरॉयडायटिसमध्ये, म्हणजे ग्रंथीला सूज आली असताना, पेशी फुटून आधी साठवलेले संप्रेरक रक्तात सांडते. नवे उत्पादन जवळजवळ थांबलेले असते. ग्रेव्हजला उत्पादन रोखणारी औषधे लागतात, सुजेत त्या औषधांचा उपयोग नसतो, कारण रोखायला उत्पादनच नसते.

फरक ओळखण्यासाठी टीआरएबी नावाची रक्ततपासणी आहे. ती ग्रंथीला चेतवणारी प्रतिपिंडे शोधते आणि ग्रेव्हजच्या बाबतीत ती अतिशय विश्वासार्ह आहे. दुसरा मार्ग स्कॅनचा: किरणोत्सारी आयोडीन किंवा टेक्निशियम अत्यल्प प्रमाणात देऊन ग्रंथी ते किती शोषते हे पाहतात. ग्रेव्हजमध्ये शोषण वाढलेले असते, सुजेत ते जवळजवळ नसते. गरोदर स्त्रियांमध्ये हा स्कॅन करत नाहीत आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीतही तो शक्यतो टाळतात; तिथे टीआरएबीचाच आधार घ्यावा लागतो.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात येणारा थायरॉयडायटिस या संदर्भात मुद्दाम लक्षात ठेवायला हवा. पहिल्या काही महिन्यांत धडधड, चिडचिड, वजन उतरणे. मग टीएसएच वाढून थकवा आणि उदासी. आणि बहुतेकींमध्ये वर्षाच्या आत ग्रंथी पूर्ववत होणे, असा त्याचा क्रम असतो. गरोदरपणाच्या सुरुवातीला अँटी-टीपीओ असलेल्या स्त्रियांपैकी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत स्त्रियांना तो होतो. बाळ रात्री झोपू देत नाही म्हणून थकवा आहे असे म्हणून घरचे तो सोडून देतात. पण उदासी खोल असेल तर एक टीएसएच करून पाहायला हरकत कसली?

रिपोर्टच फसवू शकतो का?

होय, आणि त्यातले एक कारण हल्ली फार वाढले आहे. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असते. शरीराला रोज सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. या गोळ्यांत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पटींनी अधिक असते. काही प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत बायोटिनचाच वापर केलेला असल्याने रक्तातील जादा बायोटिन त्या पद्धतीत गडबड करते आणि टीएसएच खोटेच कमी, टी-४ आणि टी-३ खोटेच जास्त दाखवते. काही पद्धतींत टीआरएबीसुद्धा खोटे वाढलेले दिसते, आणि कागदावर हुबेहूब ग्रेव्हज उभा राहतो. अशा गोळ्या तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बंद ठेवाव्यात, आणि मात्रा मोठी असेल तर किती दिवस थांबायचे हे डॉक्टरांना विचारावे. विडंबना अशी की केस गळणे हे थायरॉईडचे लक्षण म्हणून तपासणीला जाणारी व्यक्ती नेमक्या याच गोळ्या घेत असण्याचा संभव असतो.

अमिओडारोन (हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे), लिथियम (मनोविकारावरचे) आणि स्टिरॉइड या औषधांनीही चित्र बदलते. अतिदक्षता विभागातील रुग्णाचे टीएसएच आणि टी-३ बऱ्याचदा आजारामुळेच हललेले असतात, म्हणून थायरॉईडचा ठोस संशय नसेल तर तिथे ही तपासणी टाळतात.

आणि एक दुर्मीळ पण महत्त्वाची शक्यता: वॉचमनच झोपला असेल तर? पियुषिका निकामी झाली असेल तर टी-४ कमी असूनही टीएसएच वाढत नाही. ते मर्यादेत किंवा खाली दिसते. बाळंतपणात फार रक्तस्राव झाल्याने पियुषिकेला इजा होते, त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अशा स्त्रीला त्यानंतर अंगावर दूध आलेले नसते आणि पाळी परत येत नाही. फक्त टीएसएच पाहिले तर हा आजार हमखास सुटतो. अशा रुग्णाच्या मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे काम आधी तपासावे लागते, कारण तिथे कमतरता असताना थायरॉक्सिन सुरू केल्यास प्रकृती एकदम गंभीर होऊ शकते.

सोनोग्राफी करावी का?

हाशिमोतोमध्ये ग्रंथी सोनोग्राफीत काळपट आणि खडबडीत दिसते. पण रक्ततपासणीने निदान झालेले असेल आणि गळ्याला गाठ लागत नसेल, तर तिची गरज नसते. गाठ हाताला लागत असेल किंवा ग्रंथी झपाट्याने मोठी होत असेल, तर मात्र ती अवश्य करावी.

टीएसएच मर्यादेत आहे, तरी थकवा का जात नाही?

गोळी घेणाऱ्यांपैकी काहींना हा अनुभव येतो आणि त्याला मनाचे खेळ म्हणून झटकणे अन्यायाचे आहे. गोळी कशी घेतली जाते हे आधी पाहावे. थायरॉक्सिन अनशापोटी, पाण्याबरोबर घ्यावे, चहा आणि नाश्ता त्यानंतर अर्धा ते एक तास थांबून, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. टी-४ चा प्रभाव सावकाश ओसरतो, त्यामुळे मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच पाहिल्यास आकडा अर्धवट असतो. हे सगळे व्यवस्थित असेल, तर थकव्याचे कारण दुसरीकडे शोधावे: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, झोपेत श्वास अडकणे, नैराश्य. गोळीची मात्रा सारखी वाढवावी लागत असेल तर सीलिअ‍ॅक आजाराची तपासणी करण्याजोगी आहे, कारण त्यात आतड्यातून औषध नीट शोषले जात नाही.

गरोदरपणात हे सगळे कसे बदलते?

गर्भाची स्वतःची थायरॉईड साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते आणि तिला पूर्ण जोम येईपर्यंत अर्धे गरोदरपण सरते. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारे संप्रेरक आईकडूनच येते. पहिल्या तिमाहीत टीएसएचची वरची मर्यादाही इतर वेळेपेक्षा थोडी खाली धरतात. आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीची गरज गरोदर राहताच साधारण चतुर्थांशाने किंवा थोडी अधिक वाढते, म्हणून चाचणी सकारात्मक आल्याबरोबर डॉक्टरांना कळवावे. पहिल्या सोनोग्राफीची वाट पाहू नये.

ज्या स्त्रीला पूर्वी ग्रेव्हज होता आणि ज्यावर शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीनचे उपचार झाले, ती सहसा स्वतःला बरी झालेली समजते. गोळीमुळे तिचे टीएसएच मर्यादेत असते आणि फाइलमधील जुना आजार कोणी विचारतही नाही. ग्रंथी गेली असली तरी ती चेतवणारी प्रतिपिंडे रक्तात अनेक वर्षे राहू शकतात, वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचू शकतात आणि बाळाच्या ग्रंथीला चेतवू शकतात. म्हणून अशा स्त्रीची टीआरएबी तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच केली जाते, आणि ती बरीच वाढलेली असेल तर पुढे गर्भाच्या हृदयाचे ठोके व वाढ यांवर आणि जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्ततपासणीवर बारकाईने लक्ष ठेवले जाते.